डीपी कोणाच्या खिडकीसमोर?

ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडकडे जाताना दोन्ही बाजूंना खाडी, कांदळवन आणि त्या कांदळवनातल्या चिखलात पाय रोवून उभे असलेले विजेचे मनोरे दिसतात. फ्लेमिंगो बघायला येणारी मंडळी कॅमेरा असा वळवतात की मनोरा फोटोत येऊ नये. आमच्या घरात उलटं. अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पक्ष्यांपेक्षा मनोऱ्यांत रस. बसमधून जातानासुद्धा तार मनोऱ्यापासून अलग ठेवणाऱ्या इन्सुलेटरच्या माळेतल्या चकत्या मोजायच्या आणि लाइन किती व्होल्टची ते सांगून टाकायचं, हा त्यांचा विरंगुळा. चौदा-पंधरा चकत्या म्हणजे २२० केव्ही (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), तेवीस-चोवीस असल्या की ४००. शेजारच्या सीटवरच्या माणसाने विचारलं असो वा नसो.

अण्णांची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात, ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे विजेचा दाब चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या यंत्राच्या, वाइंडिंग (गुंडाळीच्या) खात्यात गेली. हा पट्टा या धंद्याचा जुना जाणकार. कळव्याला सीमेन्स, ऐरोलीला भारत बिजली, तिकडे ठाण्यात वागळे इस्टेटला एम्को. इथे बनलेले ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवर चढून देशभर गेले. या रस्त्यावरून रोज आयटी पार्कात जाणाऱ्या मुलांना मात्र त्या भिंतींच्या आत काय बनतं याची कल्पना नसते. मलाही लग्न होऊन इथे येईपर्यंत नव्हती.

एकदा कारखान्यात कामगारांच्या घरच्यांना आत नेऊन दाखवलं, तेव्हा मी गेले होते. वाइंडिंगच्या दालनात शिरायच्या आधी घड्याळ, बांगड्या, केसातल्या पिना, पेन, नाणी असं सगळं काढून ठेवायला लावलं. मंगळसूत्रसुद्धा. माझ्या सासूबाई कुरकुरल्या, तर अण्णा म्हणाले, "एक पिन आत पडली ना, तर वीस वर्षं चालायचं मशीन वीस दिवसांत फुटेल." आत कापसाच्या गिरणीतली धूळ नाही की लेथ मशीनचा खडखडाट नाही. उभ्या मशीनवर एक भलंमोठं रीळ सावकाश फिरत होतं आणि त्याच्यावर तांब्याची चपटी पट्टी चढत होती. तांबं दिसत नव्हतं. त्याच्यावर तपकिरी क्राफ्ट कागदाचे थरावर थर घट्ट गुंडाळलेले. दर वेढ्याला कामगार त्या कागदावरून अंगठा फिरवत होता. कुठे सुरकुती पडलीय का, कुठे कड उचलली गेलीय का, ते डोळ्यांआधी बोटाला कळतं म्हणे. मधेमधे प्रेसबोर्डचे, म्हणजे घट्ट दाबलेल्या पुठ्ठ्याचे, ठोकळे लावत जायचं, म्हणजे पुढे त्या फटींमधून तेल खेळतं राहतं आणि गुंडाळी थंड राहते. लाखो व्होल्टच्या यंत्राचा जीव कागद, पुठ्ठा आणि तेल यांत असतो, हे बघून मी चाट पडले. अजूनही पडते.

पलीकडच्या शेडमध्ये गाभा रचत होते. तो अखंड लोखंडाचा नसतो. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे, पाव-तीन दशांश मिलिमीटर जाडीचे पत्रे एकावर एक रचायचे, प्रत्येकावर विद्युतरोधक लेप. अखंड ठोकळा घेतला तर त्या लोखंडातच भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतील आणि ते नुसतं तापत बसेल. पत्रे केले की ते प्रवाह जागच्या जागी अडतात. त्या पत्र्यांच्या कडा ब्लेडसारख्या असतात. अण्णांच्या दोस्तांपैकी गाभ्यावर काम केलेल्यांचे हात बघितले की कळतं.

तत्त्व आपण सगळे शाळेत शिकलेलो असतो आणि परीक्षा झाल्यावर सगळे विसरलेले असतो. १८३१ साली मायकेल फॅरेडेने लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना दोन गुंडाळ्या घातल्या. एकीला बॅटरी, दुसरीला सुईचा मापक. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई हलली आणि लगेच जागेवर आली. बॅटरी काढली, तेव्हा पुन्हा हलली, उलट बाजूला. मधल्या वेळात पहिल्या गुंडाळीतून वीज व्यवस्थित वाहत होती, पण सुई ढिम्म. दुसऱ्या गुंडाळीला प्रवाहाशी काही देणंघेणं नाही. तिला कळतो फक्त प्रवाहातला बदल. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते, म्हणजे ती सतत बदलतच असते. म्हणून लोखंडातलं चुंबकत्व सतत बदलतं, म्हणून दुसऱ्या गुंडाळीत सतत वीज उमटते. दोन्ही गुंडाळ्यांच्या तारा एकमेकींना कुठेही जोडलेल्या नाहीत, तरी इकडची शक्ती तिकडे पोहोचते. किती व्होल्टने पोहोचणार, ते वेढ्यांच्या संख्येवर. आपल्या कोपऱ्यावरच्या ११ हजार व्होल्टच्या डीपीत, म्हणजे गल्लीतल्या शेवटच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, आतल्या गुंडाळीला जर एक वेढा असेल, तर बाहेरच्या गुंडाळीला ४४ (एका फेजपुरता हिशोब, ११ हजार भागिले अडीचशे). बस. मोटर नाही, गिअर नाही, फिरणारं काही नाही. म्हणूनच चांगल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आत गेलेल्या शंभर युनिटांमधली नव्व्याण्णवहून जास्त बाहेर पडतात. पेट्रोलच्या इंजिनाला हे सांगितलं तर लाजेल बिचारं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते अण्णा सुट्ट्या पैशांनी समजावतात. तुम्हाला लाख रुपये ठाण्याहून नागपूरला न्यायचे आहेत. एकेक रुपयाच्या नाण्यांत नेले तर पोतं लागेल, हमाल लागेल, वाटेत पोतं फाटून चार नाणी सांडतील. पाचशेच्या नोटांत नेले तर शर्टाच्या आतल्या खिशात मावतील. पण नागपुरात उतरल्यावर कोथिंबीर घ्यायची तर भाजीवाली म्हणणार, सुट्टे द्या. व्होल्ट म्हणजे नोट केवढ्याची, अँपिअर म्हणजे किती नोटा. ट्रान्सफॉर्मर पैसे छापत नाही आणि साठवतही नाही. तो फक्त नोटा मोडून देतो, किंवा सुट्ट्यांच्या नोटा करून देतो.

आकडे घालून बघा. सोसायट्यांसाठी सर्रास लागणारा ३१५ केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर घेतला, तर ११ हजार व्होल्टच्या बाजूने पूर्ण लोडला त्यात साडेसोळा अँपिअर येतात. दोन-अडीच एसींचा प्रवाह. आणि ४३३ व्होल्टच्या (हा दोन फेजांमधला दाब) बाजूने बाहेर पडतात ४२० अँपिअर. म्हणूनच डीपीच्या वरच्या बाजूला येणाऱ्या तारा बारीक दिसतात आणि खालून निघणाऱ्या केबली मनगटाएवढ्या जाड. तारेत उष्णतेपायी जे वाया जातं ते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं: प्रवाह दहापट कमी केला, तर नुकसान शंभरपट कमी. पाचशे एमव्हीएची, म्हणजे पाच लाख केव्हीएची, वीज ४०० केव्हीने आणायला सव्वासातशे अँपिअर पुरतात. तीच वीज घरगुती दाबाने आणायची म्हटली तर साडेसहा लाखांच्या वर. एवढा प्रवाह वाहील अशी तार ओढायची तर ती तार नसेल, रस्ता असेल तांब्याचा.

आता मला जे खरं म्हणायचं आहे त्याकडे येते. ट्रान्सफॉर्मरमुळे वीज स्वस्त झाली, सोयीची झाली, हे खरंच. पण त्याने त्याहून मोठं एक काम केलं: वीज वापरणारा आणि विजेची झळ सोसणारा यांच्यात अंतर पाडलं. १८८२ साली एडिसनने न्यू यॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, ते एकाच दिशेने वाहणाऱ्या, एकदिश (डीसी) विजेचं. एकदिश वीज स्थिर, तिच्यात बदल नाही, म्हणून त्या काळी तिचा दाब वाढवण्या-उतरवण्याची सोय नाही. परिणाम असा की वीज जिथे वापरायची तिथूनच मैलभराच्या आत कोळसा जाळायचा. दिवा तुमच्या घरात, तर धूरही तुमच्याच गल्लीत. १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तीन इंजिनिअरांनी बंद गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर बनवला, पुढच्या वर्षी अमेरिकेत विल्यम स्टॅन्लीने त्याच्यावर एक गावठाण उजळून दाखवलं, आणि ही अट संपली. वीज कुठेही करा, कुठेही वापरा.

'कुठेही करा' हे आपल्याकडे फार लवकर आलं. १९१५ साली टाटांचं खोपोलीचं केंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटावरून खाली सोडायचं, खोपोलीला वीज करायची, तिचा दाब लाखभर व्होल्टपर्यंत चढवायचा आणि मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. मग १९२२ला भिवपुरी, १९२७ला भिरा. भिऱ्याची वीज ज्या पाण्यावर होते ते मुळशीचं, आणि त्या मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. शाळेच्या पुस्तकात तो धरणाविरुद्धचा लढा म्हणून येतो, आणि तो होताच. पण मी अण्णांच्या नादाने त्याच्याकडे दुसऱ्या बाजूने बघते. मुळा-निळेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या भातखाचरात परळच्या गिरणीमालकाला रस का असावा? मधे सह्याद्री आहे, खाडी आहे. पन्नास वर्षं आधी त्याला त्या खाचराचं नावही माहीत असायचं कारण नव्हतं. दाब चढवून वीज लांब नेता येते, हे कळलं आणि मुळशी मुंबईच्या हाताला लागली.

कोयनेचंही तेच. १९६२ला पहिला टप्पा सुरू झाला, राज्याला त्याचा केवढा अभिमान, आणि तो खराच आहे. पण धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाखाली गावं गेली, आणि त्यातली काही माणसं उचलून रायगड, ठाणे जिल्ह्यांत वसवली गेली. कोयनेची वीजही इकडेच आली. तशी नवी मुंबई काय, तीही गावांच्याच जमिनीवर उभी आहे, त्यामुळे कोणी कोणाला सांगावं. आज ग्रीडमधली कुठली वीज कुठल्या केंद्राची हे वेगळं काढता येत नाही, पण चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राजवळ राहणाऱ्यांच्या गच्चीवर जी राख पडते ती आपल्या गच्चीवर पडत नाही, एवढं नक्की. चंद्रपूर ते आपल्या ठाणे जिल्ह्यातलं पडघे अशी ७५२ किलोमीटरची लाइन १९९९ पासून आहे. गंमत म्हणजे ती एकदिश विजेची आहे, अधिक-उणे पाचशे केव्ही. एडिसन हसला असता. पण त्याने फार हसू नये, कारण त्या लाइनच्या दोन्ही टोकांना अवाढव्य ट्रान्सफॉर्मर लागतातच. लोकल गाड्यांचं बरोबर उलटं झालं. १९२५ पासून त्या दीड हजार व्होल्टच्या एकदिश विजेवर धावत होत्या. २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळ्या २५ केव्हीच्या प्रत्यावर्ती, म्हणजे घरातल्यासारख्या सतत बदलणाऱ्या, विजेवर गेल्या, आणि आता ठाणे-वाशी लोकलसुद्धा आपला ट्रान्सफॉर्मर आपल्याबरोबर घेऊन फिरते.

हे अंतर इतकं मुरलंय की एरवी आठवत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला आठवलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कोरोनाचे दिवस, अर्धं घर लॅपटॉपवर आणि उरलेलं ऑनलाइन शाळेत. मोबाइलला रेंज होती तोवर कळवा, पडघे ही नावं सगळ्यांच्या तोंडी झाली. पडघ्याला मिसळ खायला जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना तिथे ४०० केव्हीचं उपकेंद्र आहे हे त्या दिवशी कळलं. अण्णा बाल्कनीत खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "आता सगळे एकदम चालू करणार नाहीत. हळूहळू येईल, एकेक भाग करून." तसंच झालं.

तर चंद्रपूर, कोयना, जिथून कुठून वीज निघते, ती आधी दाब चढवून घेते आणि मग शहराजवळ आली की पायऱ्या उतरू लागते. ४००, २२०, १००, मग २२ किंवा ११, आणि शेवटी आपल्या कोपऱ्यावरची डीपी. या शेवटच्या पायरीकडे आपण फक्त लाइट गेल्यावर बघतो. जाळीचं कुंपण, ११००० व्होल्टची कवटीवाली पाटी, पाटीला टेकून उभी केलेली कोणाची तरी सायकल, कुंपणाला लागून भुट्टेवाल्याची शेगडी. (तिथे शेगडी नसावी हे भुट्टेवाला सोडून सगळ्यांना मान्य आहे.) जवळ गेलात तर एक खर्जातला घुमार ऐकू येतो. लोकांना वाटतं तो करंटचा आवाज. तो लोखंडाचा आहे. चुंबकत्व बदललं की गाभ्याचे पत्रे किंचित लांबतात-आखडतात, दर आवर्तनाला दोनदा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. सगळीकडे सामसूम असली तरी तो चालूच, कारण कोणी दिवा लावो न लावो, गाभ्याला कामावर राहावंच लागतं.

बऱ्याच ट्रान्सफॉर्मरांना बाजूला काचेची एक छोटी बरणी लटकते. ऊन चढलं, लोड वाढला की आतलं तेल फुगतं. थंड झालं की आक्रसतं आणि हवा आत ओढली जाते. ती हवा या बरणीतल्या सिलिका जेलच्या खड्यांमधून जाते, म्हणजे दमटपणा बाहेर राहतो. जेल कोरडं असताना निळं असतं, ओल शोषली की गुलाबी पडतं. आपल्या खाडीकाठच्या पावसाळ्यात ते किती भराभर गुलाबी होतं ते बघण्यासारखं आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या डीपीचं जेल गुलाबी झालं की अण्णांचा जीव खालीवर होतो. ते लाइनमनला थांबवून सांगतात, आणि लाइनमन म्हणतो, "काका, आधी फॉल्ट काढू दे, तिकडे अर्ध्या सेक्टरचा फेज गेलाय." त्याचंही बरोबर. पण ओल आत गेली की ती कागदात मुरते, आणि कागद कुजला की तो बदलता येत नाही. त्यासाठी अख्खी गुंडाळी उलगडावी लागेल.

उन्हाळ्यात परीक्षा आणखी कडक. पूर्वी रात्री लोड उतरायचा, तेल थंड व्हायचं. आता एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या रात्री सगळ्या बेडरूमचे एसी पहाटेपर्यंत चालतात आणि ट्रान्सफॉर्मरला झोप नाही. गुंडाळीचं तापमान मर्यादेच्या वर सहा अंश गेलं की कागद म्हातारा होण्याचा वेग दुप्पट. आणखी सहा, पुन्हा दुप्पट. डीपी एखाद्या रात्री अचानक उडते असं आपल्याला वाटतं; तिच्या आतल्या कागदाने तशा कित्येक रात्री आधीच सोसलेल्या असतात.

आणि या शेवटच्या ट्रान्सफॉर्मरची खरी अडचण ही की त्याला लांब पाठवता येत नाही. पडघे लांब ठेवलं, चंद्रपूर लांब ठेवलं, मुळशी तर घाटापलीकडे. पण ४३३ व्होल्ट झाल्यावर वीज म्हणजे पुन्हा सुट्ट्यांचं पोतं. काहीशे मीटर नेलं की दाब पडायला लागतो, लिफ्ट कण्हायला लागते. तेव्हा शेवटचा ट्रान्सफॉर्मर तुमच्या दारातच हवा.

आमची सिडकोच्या काळातली सोसायटी सध्या पुनर्विकासाला गेली आहे. नवीन टॉवरला लिफ्ट, पंप, गाड्या चार्ज करायचे पॉइंट, घरटी दोन-तीन एसी. लोड कित्येक पटींनी वाढणार, तेव्हा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर घालावा लागणार. आर्किटेक्टने तो नकाशात फाटकाजवळ, बी विंगच्या बाजूला दाखवला. सभेत बी विंग उठून उभी राहिली. घुमार येईल, चुंबकीय लहरींनी आजार होतील, आग लागेल, फ्लॅटची किंमत पडेल, आणि एका काकूंच्या मते तो आग्नेयेला नसून वायव्येला येतोय. अण्णा बी विंगचेच. त्यांना बोलायला लावलं. ते म्हणाले, घुमार येईल, खोटं कशाला सांगू. लहरी भिंतीपलीकडे दोन-चार मीटरमध्ये पार उतरतात, तुमच्या डोक्याशी असलेल्या मोबाइलची काळजी आधी करा. आगीची भीती तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला असते, म्हणून इमारतीच्या आत घ्यायचा तर तेल नसलेला, रेझिनमधला ड्राय टाइप घ्या, महाग पडेल. कोणीतरी म्हणालं, मग तळघरात टाका ना, कोणालाच दिसणार नाही. अण्णा म्हणाले, "सव्वीस जुलैचा पूर विसरलात का?" त्यावर कोणी बोललं नाही.

मागच्या कुंपणालगत नेला तर, असा शेवटचा प्रश्न आला. अण्णांनी नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजलं आणि सांगितलं की जाईल, पण केबल दुप्पट जाडीची लागेल, तिचा खर्च सगळ्यांच्या डोक्यावर वाटला जाईल आणि रोज थोडी वीज त्या केबलीतच जळेल, तिचं बिलही सगळ्यांनाच. खर्चाचा आकडा आर्किटेक्टने सांगितल्यावर बी विंगमधलेच निम्मे लोक खाली बसले.

सभा तहकूब झाली. आर्किटेक्टला दुसरा नकाशा आणायला सांगितलंय. त्यात ट्रान्सफॉर्मर ए विंगच्या पार्किंगशेजारी सरकवलाय असं बाहेर फुटलं आणि कालपासून ए विंगने सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे.